देवळालीची छोटी विमानं, आजचे ड्रोन आणि आपला मोबाईल : ‘गोळा कुठं पडला’ या माहितीला एवढी किंमत का असते?

मे २०२५ मधले ते चार दिवस आठवतायत? ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि १० तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबला. या मधल्या काळात प्रत्येकाच्या फोनवर व्हिडिओंचा पाऊस पडत होता. आकाशात लाल ठिपके, लांबून ऐकू येणारे धमाके, कुठल्यातरी शेतात पडलेले तुकडे. काही खरे, काही जुने, काही तर चक्क व्हिडिओ गेमचे.

त्याआधीच, २६ एप्रिलला, माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं एक सूचना काढली होती. लष्करी कारवाया आणि सुरक्षा दलांच्या हालचाली लाईव्ह दाखवू नका, असं त्यात म्हटलं होतं. ही सूचना टीव्ही चॅनेलना होतीच, पण सोशल मीडिया वापरणाऱ्यांनाही होती.

बऱ्याच जणांची प्रतिक्रिया साधारण एकच होती. शत्रूकडे सॅटेलाईट आहेत, ड्रोन आहेत, मग माझ्या गॅलरीतून काढलेल्या १५ सेकंदांच्या व्हिडिओनं असा काय फरक पडणार आहे?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र सॅटेलाईटच्या जमान्यात सापडत नाही. त्यासाठी ८० वर्षं मागं जावं लागतं आणि खारघरपासून गाडीनं साधारण चार तासांवर असलेल्या देवळालीला पोचावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात तिथं एक छोटी हवाई तुकडी होती. तिच्याकडे बॉम्ब नव्हते, मशीनगन नव्हत्या. तिथं पायलटना एकच गोष्ट पक्की करून घ्यायची होती. आपला गोळा कुठं पडला ते वरून बघायचं आणि खाली कळवायचं.

तोफेची खरी अडचण काय असते?

आधी तोफेचा हिशोब समजून घेऊ.

तोफ दहा-पंधरा किलोमीटर लांब मारा करते, पण तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसांना लक्ष्य दिसतच नाही. मध्ये टेकडी असते, झाडं असतात, गाव असतं. नकाशावरून गणित करून पहिला गोळा सोडला, तरी तो नेमका जागेवर पडेलच असं नाही. वारा, हवेचं तापमान, नळीची झीज, नकाशातली चूक, सगळ्यांचा थोडाथोडा फरक पडतो.

खारघरमध्ये राहणाऱ्याला हे एका उदाहरणात कळेल. डिलिव्हरीवाला पहिल्यांदाच तुमच्या सेक्टरमध्ये आलाय. पत्ता बरोबर आहे, पण सगळ्या बिल्डिंगी त्याला सारख्याच दिसतायत. तुम्ही सातव्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहून फोनवर सांगता, “अजून थोडं पुढं… नाही नाही, जास्त झालं, मागं या… आता उजवीकडचं गेट.” त्याला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला तो दिसतो. दोन-तीन सूचनांत तो दारात हजर होतो.

तोफखान्यात हेच काम निरीक्षक करतो. पहिला गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला, की तो सांगतो ४०० मीटर कमी करा. दुसरा अलीकडे पडला, की २०० वाढवा. मग १०० कमी, मग ५०. प्रत्येक वेळी फरक निम्मा होत जातो. लक्ष्य दोन गोळ्यांच्या कैचीत सापडलं आणि कैची पुरेशी आवळली, की सगळ्या तोफा एकदम सुरू.

या सगळ्यात सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती? तोफ नाही आणि गोळाही नाही. ‘आत्ताचा गोळा कुठं पडला’ हे सांगणारं एक वाक्य. ते वेळेत मिळालं नाही, तर कितीही गोळे सोडा, बहुतेक वाया.

आणि हे वाक्य सांगायला उंची लागते. उत्सव चौकात उभं राहिलात तर फक्त समोरच्या इमारती दिसतात. खारघरच्या डोंगरावर चढलात, की सेंट्रल पार्कपासून पनवेलच्या खाडीपर्यंत सगळं पायाखाली दिसतं. पण लढाईत डोंगर हवा तिथं मिळत नाही. मग उंची आणायची कुठून? विमानातून.

पायलटला तोफ शिकवायची की गोलंदाजाला विमान?

विमानातून तोफांना दिशा देणं पहिल्या महायुद्धापासून चालू होतं. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांकडे त्या कामासाठी लायसँडर नावाचं विमान होतं. ते हवाई दलाचं, पायलटही हवाई दलाचा. १९४० मध्ये फ्रान्समध्ये जर्मन लढाऊ विमानांनी या लायसँडरांचं फार मोठं नुकसान केलं.

चार्ल्स बेझली नावाचा तोफखान्याचा एक कॅप्टन वेगळंच म्हणत होता. त्याचं म्हणणं असं, की पायलटला तोफखाना शिकवण्यापेक्षा तोफखान्याच्या अधिकाऱ्यालाच विमान चालवायला शिकवा. विमान साधं, हलकं, छोट्याशा मोकळ्या जागेतून उडणारं द्या. तो शत्रूच्या डोक्यावर जाणार नाही. आपल्याच तोफांच्या आसपास, कमी उंचीवर उडेल, बघेल, सांगेल आणि खाली उतरेल. शत्रूचं लढाऊ विमान आलंच, तर जमिनीलगत झटकन वळून निसटेल.

मराठीत ‘गोलंदाज’ हा शब्द क्रिकेटच्या आधीचा आहे. मुळात गोलंदाज म्हणजे तोफ चालवणारा. बेझलीची कल्पना थोडक्यात अशी होती, की गोलंदाजालाच विमानात बसवा.

हवाई दलातल्या अनेक वरिष्ठांना हे पटत नव्हतं. विमान आमचं, मग चालवणार लष्कराचा माणूस? शेवटी तडजोड झाली. विमानं आणि त्यांची देखभाल हवाई दलाकडे, पायलट तोफखान्याचे. या व्यवस्थेला नाव मिळालं ‘एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट’, म्हणजेच एअर ओपी. १९४१ मध्ये अशी पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, क्रमांक ६५१. पायलट तयार करण्यासाठी इंग्लंडमध्ये वेगळं ट्रेनिंग युनिट निघालं. पुढे ऑस्टर नावाचं छोटं विमान या कामाची ओळख बनलं.

जुहूमार्गे देवळाली

आता भारतात येऊ.

१९४३ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेश घेऊन भारताच्या सीमेवर बसलं होतं. तिथल्या लढाईसाठी ६५६ क्रमांकाची एअर ओपी स्क्वाड्रन इंग्लंडहून बोटीनं निघाली आणि सप्टेंबर १९४३ मध्ये मुंबईला पोचली. तिचा प्रमुख होता मेजर डेनिस कॉयल. आधी मुक्काम जुहूच्या धावपट्टीवर, मग देवळालीत. तेव्हा खारघर हे कुलाबा जिल्ह्यातलं एक लहान गाव होतं आणि नवी मुंबई कुणाच्या डोक्यातही नव्हती.

देवळालीच का? कारण तिथं सगळं आयतं होतं. एकोणिसाव्या शतकापासून देवळाली ही ब्रिटिश सैनिकांची मोठी छावणी होती. बोटीनं आलेले आणि परत जाणारे सैनिक तिथं थांबायचे. बोट मिळेपर्यंत महिनोन्‌महिने तिथं अडकून कंटाळलेल्या सैनिकांमुळे इंग्रजीत ‘डूलॅली’ हा डोकं फिरल्याचा अर्थ असलेला शब्द आला, तो देवळालीच्याच नावावरून. मुंबईशी थेट रेल्वे होती. शिवाय १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तोफखान्याची शाळा, म्हणजे स्कूल ऑफ आर्टिलरी, काकुलहून देवळालीला आली होती. काकुल आज पाकिस्तानात आहे. खऱ्या तोफांनी खरे गोळे सोडता येतील असं विस्तीर्ण मैदानही देवळालीत होतं.

तोफा, मैदान, शाळा आणि रेल्वे एकाच ठिकाणी. एअर ओपीच्या सरावाला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

६५६ स्क्वाड्रन १९४४ च्या सुरुवातीला पूर्वेच्या आघाडीवर गेली. पण युद्धात पायलट कमी होतात, आजारी पडतात, बदलले जातात. इंग्लंडहून येणाऱ्या नव्या पायलटला थेट आघाडीवर पाठवणं धोक्याचं होतं. म्हणून देवळालीत १५८७ क्रमांकाची एक छोटी फ्लाइट ठेवण्यात आली. तिचं काम नव्या एअर ओपी पायलटांची उजळणी करून घेणं. लढाईच्या कुठल्याही यादीत हे नाव मोठ्या अक्षरांत सापडणार नाही, पण आघाडीवरच्या स्क्वाड्रनला माणसं पुरवण्यामागे अशीच युनिट असतात.

उजळणी कशाची?

एअर ओपीच्या पायलटचं काम किती गुंतागुंतीचं होतं ते बघा. एका हातात विमान, मांडीवर नकाशा, कानाला रेडिओ. खालची टेकडी नकाशातली नेमकी कुठली, हे ओळखायचं. गोळा पडण्याच्या क्षणी नजर बरोबर त्या जागेवर हवी. धूर दिसला की अंतराचा अंदाज घ्यायचा, दुरुस्ती सांगायची, पुन्हा वळून पुढच्या गोळ्याची वाट बघायची. हे सगळं होत असताना कुणी आपल्यावर टपलेलं नाही ना, तेही बघायचं. ऑस्टरचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर, चिलखत जवळजवळ नाही. पळून जायचं म्हटलं तरी फार वेगानं पळता येत नाही.

विमान उडवणं हा यातला सोपा भाग. अवघड भाग होता नजर तयार करणं.

त्यातही एक पेच होता. देवळालीचं मैदान उघडं, कोरडं. तिथं गोळा पडला की धूळ उडालेली लांबून दिसते. अराकान आणि इंफाळच्या बाजूला घनदाट जंगल. गोळा झाडांच्या छताखाली फुटतो आणि धूर वर येईपर्यंत वाऱ्यानं भलतीकडे सरकलेला असतो. पावसाळ्यात तर ढग डोंगराला टेकलेले. म्हणजे देवळालीत पद्धत पक्की करता येत होती, पण तिथली नजर इथं जशीच्या तशी चालत नव्हती. उरलेलं शिक्षण आघाडीवरच व्हायचं.

आणि ते झालं. ६५६ च्या फ्लाइट वेगवेगळ्या कोअरना वाटून दिल्या गेल्या. अराकान, इंफाळ-कोहिमा, मग इरावती नदी ओलांडून रंगूनपर्यंत. चौदाव्या आर्मीच्या एवढ्या मोठ्या मोहिमेत एअर ओपीची ही एकच स्क्वाड्रन होती. तोफांना दिशा देण्याबरोबर टेहळणी करणं, अधिकाऱ्यांना पुढच्या भागावरून फिरवून आणणं, निरोप पोचवणं अशी कामंही या विमानांनी केली.

विमान कुणाचं, हा वाद ४० वर्षं चालला

स्वातंत्र्याबरोबर, १५ ऑगस्ट १९४७ ला, भारतीय सैन्याची स्वतःची एअर ओपी फ्लाइट सुरू झाली. विमानं तीच, ऑस्टर. त्यानंतर लगेच काश्मीरमधली लढाई आली. पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बनवलेलं कृषक विमान आलं, मग चेतक आणि चीता हेलिकॉप्टर आली.

पण ब्रिटिशांची ती तडजोडही वारशात आली. पायलट तोफखान्याचा, विमान हवाई दलाचं. लष्कराला स्वतःचं वेगळं हवाई अंग मिळालं ते १ नोव्हेंबर १९८६ ला, आर्मी एव्हिएशन कोअरच्या रूपात. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ३९ वर्षांनी.

हा नुसता खात्याखात्यातला हट्ट होता का? नाही. प्रश्न वेळेचा होता. बघणारा आणि मारणारा यांच्यामध्ये जितकी कार्यालयं, जितक्या परवानग्या, तितका उशीर. आणि लक्ष्य जागेवरून हललं, की ‘गोळा कुठं पडला’ या वाक्याची किंमत शून्य.

नाशिक परिसराचं या कामाशी असलेलं नातं आजही तुटलेलं नाही. स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीतच आहे. लष्कराच्या हेलिकॉप्टर पायलटांना शिकवणारं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल २००३ पासून नाशिक रोडजवळच्या गांधीनगरला आहे. देवळालीच्या मैदानावर दरवर्षी होणाऱ्या ‘तोपची’ या प्रात्यक्षिकात तोफा आणि रॉकेटबरोबर आता ड्रोनही दिसतात.

मग ड्रोननं नक्की काय बदललं?

मे २०२५ नंतर ड्रोन हा शब्द घराघरात पोचला. ८ आणि ९ मेच्या रात्री पाकिस्ताननं ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं भारतानं अधिकृतपणे सांगितलं. त्यांचा संभाव्य उद्देशही तेव्हाच सांगितला गेला. आपली हवाई संरक्षण यंत्रणा कशी प्रतिसाद देते हे तपासणं आणि माहिती गोळा करणं. म्हणजे ड्रोन आले ते फक्त मारायला नाही, बघायलाही.

त्यानंतर २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिनी, लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी द्रासमध्ये काही बदल जाहीर केले. पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून आणि तोफखान्यात ‘दिव्यास्त्र’ नावाच्या बॅटरी. त्याआधी लष्कराची मोठी मानवरहित विमानं तोफखान्याकडून आर्मी एव्हिएशनकडे गेली होती. ‘विमान कुणाचं’ हा जुना प्रश्न नव्या कपड्यांत परत आलाय, एवढंच.

रील्स बघितल्या की वाटतं, ड्रोन आले म्हणजे सगळे प्रश्न सुटले. देवळालीचा इतिहास जरा वेगळं सांगतो. ऑस्टरमधल्या पायलटचा जीव धोक्यात होता, ड्रोन चालवणाऱ्याचा तितका नाही, हा बदल मोठाच आहे. ड्रोन स्वस्त आहे आणि प्रत्येक तुकडीकडे असू शकतो, हाही. पण स्क्रीनवर दिसणारा ठिपका रणगाडा आहे की ट्रॅक्टर, हे ओळखायला अजूनही तयार नजर लागते. झाडाखालची सावली, ताजी चाकोरी, खोटं ठेवलेलं लाकडी लक्ष्य, हे कॅमेऱ्याला आपोआप कळत नाही. शिवाय आता शत्रू रेडिओ सिग्नल जाम करतो, तेव्हा काय करायचं तेही शिकावं लागतं.

म्हणून ‘किती ड्रोन घेतले’ या बातमीइतकीच महत्त्वाची बातमी असते ती ‘चालवणारे किती तयार झाले, आणि ते कुणाला रिपोर्ट करतात’ ही. पहिली हेडलाइन होते, दुसरी सहसा होत नाही.

आता येऊ आपल्या मोबाईलवर

सुरुवातीचा प्रश्न असा होता, की माझ्या व्हिडिओनं काय फरक पडतो? आता उत्तर सोपं आहे. मारा करणाऱ्याला सगळ्यात जास्त हवं असलेलं वाक्य म्हणजे ‘गोळा कुठं पडला’. बॉम्बस्फोटाचा लोकेशनसकट टाकलेला व्हिडिओ म्हणजे तेच वाक्य, तेही फुकट आणि लाईव्ह. एअर ओपीचा पायलट जीव धोक्यात घालून जे सांगायचा, ते आपण चहा पिता पिता सांगून टाकतो.

हा कल्पनाविलास वाटत असेल, तर तीन उदाहरणं बघा.

पहिलं १९४४ मधलं. जर्मनी लंडनवर व्ही-१ नावाची उडती बॉम्ब सोडत होता. ती नेमकी कुठं पडतात, हे जर्मनीला बघता येत नव्हतं. ब्रिटिशांनी वर्तमानपत्रांत नेमक्या जागा छापण्यावर बंधन घातलं. आणि जर्मनीचे जे हेर आधीच फुटून ब्रिटिशांकडून काम करत होते, त्यांच्यामार्फत चुकीची माहिती पाठवली. आधीच कमी पडणारे बॉम्ब लांब पडतायत असं जर्मनांना वाटावं, म्हणजे ते पल्ला आणखी कमी करतील आणि शहराचा दाट वस्तीचा मध्यभाग वाचेल, हा त्यामागचा डाव. डिलिव्हरीवाल्याला मुद्दाम चुकीचं गेट सांगावं, तसाच प्रकार.

दुसरं आपल्याच शहरातलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात टीव्हीवरचं लाईव्ह चित्रण पाकिस्तानात बसलेले सूत्रधार बघत होते आणि फोनवरून अतिरेक्यांना सूचना देत होते. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयानं या लाईव्ह प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. कारवाई करणाऱ्या जवानांचा जीव त्यामुळे धोक्यात आला होता.

तिसरं युक्रेनमधलं. मार्च २०२२ मध्ये तिथं सैन्याच्या हालचाली आणि जागा परवानगीशिवाय उघड करणं कायद्यानं गुन्हा ठरलं. हल्ला झालेल्या जागेची दृश्यं पत्रकारांनी लगेच दाखवायची नाहीत, लष्करी जागा असेल तर १२ तास आणि नागरी असेल तर ३ तास थांबायचं, असा नियमही आला. बातमी दाबायची नव्हती, फक्त दुसरा गोळा सुधारून पडायला नको होता.

यात एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवायला हवी. या कारणाखाली सरकारला प्रश्न विचारणंच बंद करा, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. लढाई संपल्यावर काय घडलं, किती नुकसान झालं, कुणाची चूक होती, हे लोकांना कळलंच पाहिजे. मुद्दा वेळेचा आणि जागेचा आहे. काही तासांनी ती माहिती बातमी असते. त्या क्षणी ती तोफेला दिलेली दुरुस्ती असते.

खारघरला याचं काय?

खारघरला आहेच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि आपल्या आकाशात रोजची वर्दळ सुरू झाली. शेजारी जेएनपीए बंदर आहे. अशा भागात उंचावरून शूटिंग करायची हौस वाढणं साहजिक आहे, आणि लग्नाच्या शूटिंगला ड्रोन तर आता नेहमीचा झालाय.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच ‘यलो झोन’ धरला जातो. तिथं ड्रोन उडवायचा तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ‘रेड झोन’मध्ये थेट केंद्र सरकारची. आपली सोसायटी कुठल्या झोनमध्ये येते, हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर बघता येतं. ड्रोन बाहेर काढायच्या आधी ते दोन मिनिटांत तपासून घ्या.

आणि फोनसाठी नियम आणखी सोपा. तणावाच्या काळात काही पडलं, फुटलं किंवा लष्कराची गाडी जाताना दिसली, तर व्हिडिओ पोलिसांना द्या, ग्रुपवर टाकू नका. टाकायचाच असेल तर कारवाई संपल्यावर टाका. लाईक तेव्हाही मिळतील.